कल्याण पूर्व, 2014 : विद्यमान अपक्ष आमदाराची दुसरी निवडणूक

ठाणे जिल्ह्यातील कल्याण पूर्व विधानसभा मतदारसंघात (क्रमांक 142) 15 ऑक्टोबर 2014 रोजी मतदान झाले. विद्यमान अपक्ष आमदार गणपत गायकवाड यांनी ही निवडणूक पुन्हा अपक्ष म्हणूनच लढवली. 19 ऑक्टोबरच्या मतमोजणीत त्यांना 36,357 आणि शिवसेनेचे गोपाळ लांडगे यांना 35,612 मते पडली. गायकवाड 745 मतांनी निवडून आले.

मतदारसंघ. 2008 च्या पुनर्रचनेत हा मतदारसंघ नव्याने आखला गेला. कोळसेवाडी, काटेमानिवली, चिंचपाडा, तिसगाव असा रेल्वेरुळांच्या पूर्वेचा दाट वस्तीचा भाग आणि त्याला जोडून उल्हासनगर महापालिकेचे काही प्रभाग त्यात येतात. कसारा मार्गावरची खडवलीसारखी, भातसा नदीकाठची गावे कल्याण तालुक्यातच असली तरी या मतदारसंघात नाहीत. येथील राजकारण पूर्णपणे शहरी आहे. चाळी, बैठी घरे, नव्या इमारती आणि पाणी, गटार, रस्ता हे रोजचे प्रश्न. पश्चिमेला बाजारपेठ आणि कचेऱ्या मिळाल्या, पूर्वेच्या वाट्याला गर्दी आली, ही इथल्या लोकांची जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. पक्षाच्या झेंड्यापेक्षा हाकेला धावून येणारा माणूस इथे मोठा का ठरतो, हे या तक्रारीतून समजते.

पार्श्वभूमी. केबल व्यवसायातून पुढे आलेले गायकवाड 2009 मध्ये, या मतदारसंघाच्या पहिल्याच निवडणुकीत, अपक्ष म्हणून विधानसभेत गेले. त्या वर्षी राज्यात 24 अपक्ष निवडून आले होते. 2014 मध्ये हा आकडा 7 वर आला. 25 सप्टेंबर 2014 रोजी शिवसेना-भाजप युती आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी एकाच दिवशी तुटल्या. चारही पक्षांना जवळजवळ सगळीकडे उमेदवार हवे होते. एरवी तिकीट कापले म्हणून अपक्ष उभे राहणाऱ्या अनेकांना दुसऱ्या पक्षाचे तिकीट सहज मिळाले. विद्यमान आमदाराने त्या गडबडीतही अपक्षच राहायचे, हा निर्णय सोपा नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात कल्याण लोकसभेची जागा शिवसेनेच्या श्रीकांत शिंदे यांनी मोठ्या फरकाने जिंकली होती. विधानसभेलाही आजूबाजूला पक्षांचाच जोर दिसला. डोंबिवली आणि कल्याण पश्चिम भाजपकडे गेले, कल्याण ग्रामीण आणि अंबरनाथ शिवसेनेकडे. मधोमध एक जागा अपक्षाची राहिली.

कायद्यातील स्थान. पाच वर्षे आमदार राहिलेला अपक्ष उमेदवारी अर्ज भरायला जातो तेव्हा कायद्याच्या नजरेत तो नवखाच असतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो. अपक्षाला मतदारसंघातले दहा मतदार सूचक म्हणून लागतात. अनामत रक्कम दोघांनाही सारखीच, सर्वसाधारण प्रवर्गातील उमेदवारासाठी 10,000 रुपये. पक्षाच्या स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही. अपक्षाला ही सवलत नाही, त्याच्यासाठी खर्चाची मर्यादा (2014 मध्ये 28 लाख रुपये) खऱ्या अर्थाने मर्यादा असते.

सगळ्यात जड जाते ते चिन्ह. मागच्या वेळचे चिन्ह अपक्षाच्या मालकीचे होत नाही. मुक्त चिन्हांच्या यादीतून पसंतीक्रम देऊन ते नव्याने मागावे लागते आणि अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावरच ते पक्के होते. 2014 मध्ये ही मुदत 1 ऑक्टोबरला संपली आणि 13 ऑक्टोबरच्या संध्याकाळी प्रचार थांबला. म्हणजे धनुष्यबाण, कमळ, पंजा, घड्याळ या वर्षानुवर्षे ओळखीच्या खुणांसमोर आपली खूण घराघरांत पोहोचवायला जेमतेम बारा दिवस मिळाले, त्यातच दसरा आला.

मतदान यंत्रावरचा क्रमही अपक्षाच्या बाजूचा नसतो. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, अपक्ष शेवटी. एका यंत्रावर सोळा बटणे असतात. उमेदवार जास्त असले की शेजारी दुसरे यंत्र लागते आणि अपक्षाचे नाव तिकडेही जाऊ शकते. उमेदवाराचे छायाचित्र यंत्रावर छापण्याची पद्धत 2015 पासूनची, त्यामुळे 2014 मध्ये चेहऱ्यावरून बटण शोधण्याची सोय नव्हती. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी सगळी भिस्त त्या छोट्याशा चित्रावर. म्हणूनच अपक्षाच्या प्रचारात पुठ्ठ्याच्या नमुना यंत्राला भाषणाइतकेच मोल असते. कार्यकर्ता दारात उभा राहतो, घरातल्या आजीचे बोट धरून योग्य ओळीवर ठेवतो आणि ‘वरून कितवं?’ असे पुन्हा पुन्हा विचारतो.

आचारसंहिता लागली की आमदार निधीतून नवे काम मंजूर होत नाही. चौकातल्या बाकड्यावर किंवा समाजमंदिराच्या कोनशिलेवर आमदाराचे नाव असेल तर त्यावर कागद चिकटवतात. पक्षाच्या आमदाराचे नाव झाकले तरी त्याचे चिन्ह शेजारच्या उमेदवारांच्या पत्रकांतून, राज्यभरच्या सभांतून दिसत राहते. अपक्षाचे तसे नसते. कागदाखालचे नाव लोकांच्या आठवणीत असेल तेवढीच त्याची पुंजी.

निकालाचा अर्थ. 745 मतांचे अंतर हे विधानसभेच्या मानाने अगदी थोडे. युती अखंड असती तर या जागेचा निकाल वेगळा लागण्याची शक्यता मोठी होती, हे मान्य करायला हवे. तरीही केवळ मतविभागणीने हा विजय उलगडत नाही. मतविभागणी शेजारच्या मतदारसंघांतही झाली, तिथे लाभ पक्षांनाच झाला. अपक्षाला तो घेता आला, कारण त्याच्यापाशी स्वतःची मते होती आणि ती चिन्हामागे न जाता माणसामागे गेली. त्या वर्षी अचलपूरचे बच्चू कडू आणि बडनेऱ्याचे रवी राणा हे विद्यमान आमदारही अपक्ष म्हणून पुन्हा निवडून आले. तिघांचे स्वभाव आणि मार्ग वेगळे, पण मतदारसंघाशी थेट, मध्यस्थाविना नाते ही बाब समान दिसते.

पुढील घडामोडी. 2014 च्या विधानसभेत भाजपला 122 जागा होत्या, बहुमतासाठी 145 हव्या होत्या. गायकवाड यांनी भाजपला पाठिंबा दिला. अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य मुदतीच्या आत एखाद्या पक्षात गेला तर दहाव्या परिशिष्टानुसार त्याची आमदारकी जाते. त्यामुळे असे आमदार ‘सहयोगी’ म्हणून वावरतात आणि पक्षाचे तिकीट पुढच्या निवडणुकीला घेतात. गायकवाड यांनीही 2019 मध्ये भाजपकडून निवडणूक लढवली आणि जिंकली. त्या वेळी दुसऱ्या क्रमांकावर शिवसेनेचे बंडखोर धनंजय बोडारे होते, अपक्ष.

2 फेब्रुवारी 2024 रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात गोळीबार झाला. त्यात शिवसेनेचे (शिंदे गट) महेश गायकवाड जखमी झाले आणि या प्रकरणी गणपत गायकवाड यांना अटक झाली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमधील निवडणुकीत भाजपने त्यांच्या पत्नी सुलभा गायकवाड यांना उमेदवारी दिली. त्या निवडून आल्या. दुसऱ्या क्रमांकाची मते अपक्ष महेश गायकवाड यांना मिळाली.