उकळल्यावर विरघळणारं प्रथिन

1845 च्या नोव्हेंबरात लंडनचे डॉक्टर-रसायनज्ञ हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे लघवीची एक नळी आली. सोबत चिठ्ठी होती आणि तिच्यात एकच प्रश्न: हे आहे तरी काय? रुग्ण पंचेचाळिशीचा व्यापारी, हाडांच्या दुखण्याने बेजार. अंगावर सूज दिसली म्हणून डॉ. विल्यम मॅकिन्टायर यांनी लघवी तापवून पाहिली, तर तिचं वागणं विचित्र. कोमट असतानाच ती गढूळ व्हायची, उकळू लागली की निवळायची आणि थंड होताना पुन्हा गढुळायची. नेहमीचं अल्ब्युमिन असं करत नाही. उकडलेलं अंडं कधी पुन्हा पातळ होतं का?

जोन्स यांनी हिशेब मांडला. रुग्णाच्या शरीरातून दिवसाला 60 ग्रॅमहून जास्त प्रथिन वाहून जात होतं. 1846 च्या पहिल्याच दिवशी तो गेला. शवविच्छेदनात हाडं मऊ, ठिसूळ झालेली आढळली. हाडं अशी मऊ पडलेल्या इतर रुग्णांच्या लघवीतही हा पदार्थ शोधा, असं जोन्स यांनी लिहून ठेवलं. हा आजार म्हणजे मायलोमा, अस्थिमज्जेतल्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग; आणि हे प्रथिन म्हणजे कर्करोगाची पहिली रासायनिक खूण. प्रथिनाला नाव मात्र बेन्स जोन्स यांचंच राहिलं. माझ्या मते श्रेयातला निम्मा वाटा मॅकिन्टायर यांचा.

पुढची जवळपास शंभर वर्षं स्पिरिटचा दिवा आणि परीक्षानळी यांच्यावरच भागलं. मग 1937 मध्ये स्वीडनच्या आर्ने टिसेलिउस यांनी विजेच्या प्रवाहात प्रथिनं वेगवेगळ्या वेगाने पळवून एकमेकांपासून सुटी केली. हेच इलेक्ट्रोफोरेसिस. निरोगी माणसाच्या रक्तात अँटिबॉडी नाना तऱ्हांच्या, म्हणून त्यांचा पट्टा पसरट दिसतो. मायलोमात एकाच पेशीची पिलावळ एकच प्रथिन ओतत राहते, म्हणून तिथे अरुंद, गडद रेघ उमटते.

तरी लघवीतलं ते प्रथिन नेमकं कोणतं, हे कळायला 1962 उजाडलं. जेराल्ड एडलमन आणि जोसेफ गॅली यांनी दाखवलं, की ते अँटिबॉडीचाच सुटा तुकडा आहे, तिची हलकी साखळी. तुकडा लहान, म्हणून मूत्रपिंडाच्या गाळणीतून निसटतो.

दवाखान्यातली लघवी तपासायची रंग बदलणारी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, ही साखळी तिच्या नजरेतून सुटू शकते. म्हणून डॉक्टरांनी 24 तासांची लघवी मागितली, तर कंटाळा करू नका: सकाळची पहिली टाकून द्या, नंतरची सगळी, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीसह, कॅनमध्ये जमा करा.