शेवगा, देवमासा आणि बाटलीमागची बारीक अक्षरं

आज जरा मोठं लिहितोय. चहा घेऊन बसा. सुरुवातीलाच एक कबुली देतो.

गेल्या दिवाळी पुरवणीत आपल्याच भागातल्या एका घरगुती उत्पादनावर मी जाहिरातवजा लेख लिहिला होता. कोरफडीचं हेअर कंडिशनर. 'शंभर टक्के केमिकल-फ्री, एकही प्रिझर्व्हेटिव्ह नाही' हे शब्द माझेच. परवा एक काकू ती बाटली घेऊन ऑफिसात आल्या. झाकण उघडलं तर कडेला काळपट हिरवी बुरशी. म्हणाल्या, "दादा, तुम्ही छापलंत म्हणून नातीसाठी घेतलं हो." मला उत्तर देता आलं नाही. पाणी आणि कोरफडीचा गर एकत्र करून बाटलीत महिनोन्‌महिने ठेवला, तर बुरशी येणारच. घरची चटणी तरी किती दिवस टिकते? हे मला लिहिण्याआधी सुचायला हवं होतं.

त्या रात्री मुलीच्या कंडिशनरची बाटली हातात घेतली. तिचे केस कुरळे, हल्ली ती ते सरळ न करता तसेच ठेवते. चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. सेटिल अल्कोहोल, बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट, डायमेथिकोन. वाचूनच टाळू खाजायला लागली. मग म्हटलं, एकदा या नावांचा इतिहास तरी बघू. आणि काय सांगू, भलतंच निघालं.

आधी बेहेनट्रायमोनियम. यातला 'बेहेन' येतो बेहेनिक ॲसिडवरून आणि बेहेनिक ॲसिडला नाव मिळालं 'बेन ऑइल'वरून. बेन ऑइल म्हणजे काय? शेवग्याच्या बियांचं तेल! आपल्या परसातला, आमटीतला शेवगा. आज कारखान्यात हे ॲसिड बहुतेक मोहरीच्या कुळातल्या तेलांपासून बनवतात, पण नाव शेवग्याचंच राहिलं. तसंच मिरिस्टिक ॲसिडचं नाव जायफळावरून, पामिटिक पामवरून, आणि कॅप्रिकचं चक्क शेळीवरून.

मग सेटिल अल्कोहोल. 'सेटस' म्हणजे लॅटिनमध्ये देवमासा. १८१७ मध्ये मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने स्पर्म व्हेलच्या डोक्यातून निघणारा मेणासारखा पदार्थ कॉस्टिक पोटॅशबरोबर तापवून ते वेगळं केलं. हाच तो देवमासा, ज्याच्या 'उलटी'च्या तस्करीच्या बातम्या आम्ही कोकणातून छापत असतो. त्या काळी त्याच्या डोक्यातल्या मेणाच्या मेणबत्त्या व्हायच्या. आता सेटिल अल्कोहोलसाठी देवमासा मारत नाहीत, ते प्रामुख्याने पाम, खोबरेल अशा तेलांपासून किंवा पेट्रोलियमपासून बनतं. नावात अल्कोहोल असलं तरी ते दारूसारखं किंवा सॅनिटायझरसारखं उडून जाणारं नाही. पांढरं, मेणचट, घट्ट असतं. केस कोरडे न करता उलट मऊ ठेवतं.

'मेथोसल्फेट'चंही तेच. शाम्पूतलं फेस काढणारं सल्फेट वेगळं, हे वेगळं. आडनाव एक म्हणून भावकी एक असं थोडंच आहे!

हे पदार्थ काम कसं करतात तेही साधं आहे. उन्हाने, धुण्याने, विंचरण्याने झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो. बेहेनट्रायमोनियमसारख्या पदार्थाचा एक टोकाचा भाग धन असतो, तो केसाला चिकटतो आणि त्याची लांब चरबीची शेपटी बाहेर राहते. जिथे केस जास्त झिजलेला, तिथे जास्त चिकटतो. त्यामुळे गुंता सुटतो. या घराण्यातल्या एका पदार्थाचा जंतुनाशक गुण १९३५ मध्ये जर्मनीत गेरहार्ट डोमाक यांनी दाखवला आणि तो दवाखान्यात वापरला जाऊ लागला. पुढे त्याचे लांब शेपटीचे भाऊबंद कापड मऊ करायला आणि केस मऊ करायला आले. कुरळ्या केसांना याची गरज जास्त, कारण टाळूचं नैसर्गिक तेल वळणावळणाच्या केसाच्या टोकापर्यंत सहज उतरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग लोक घाबरतात ते काय उगाच? नाही. त्या भीतीलाही इतिहास आहे आणि तो सोसलेल्या बायकांचा आहे.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना शंभर वर्षांहून जास्त काळ सांगितलं गेलं की तुमचे केस सरळ नाहीत म्हणजे नीटनेटके नाहीत. नोकरी हवी तर केस सरळ करा. १९०६ च्या सुमारास मॅडम सी. जे. वॉकर यांनी केसांची निगा राखण्याच्या वस्तू विकायला सुरुवात केली. स्वतःचे केस गळत होते, त्यातून सुरू झालेला हा धंदा, आणि त्यातून ही बाई गुलामीतून सुटलेल्या आईबापांची लेक असूनही मोठी उद्योजक झाली. पण पुढे बाजारात आली 'रिलॅक्सर' क्रीम्स, ज्यात सोडियम हायड्रॉक्साइड असायचं. म्हणजे कॉस्टिक सोडा! टाळू भाजायची, फोड यायचे, तरी पिढ्यान्‌पिढ्या ते लावलं गेलं. १९६० च्या दशकात 'आहेत तसे केस' हीच राजकीय भूमिका झाली. केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा कॅलिफोर्नियात व्हायला मात्र २०१९ साल उजाडलं.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३,४९७ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्यांपैकी सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण अंदाजे १.६४ टक्के, तर वर्षात चारहून जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. त्या अभ्यासात केसांचे रंग, पर्म यांचा असा संबंध दिसला नाही, हेही लक्षात ठेवा.

बाटली उलटी करून वाचायची सवय या बायकांनी कमावली ती अशी. आपल्या पोरी मोबाईलवर जे शिकतायत त्याचं मूळ तिथे आहे. आणि वाचायला यादी तरी आहे, तीही लढून मिळालेली. अमेरिकेत घटकांची यादी छापणं १९७७ पासून बंधनकारक झालं, युरोपात १९९७ पासून. आपल्याकडेही कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे यादी द्यावीच लागते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्तनाच्या गाठींच्या २० नमुन्यांत पॅराबेन सापडल्याचा अभ्यास आला. शेजारच्या निरोगी पेशींशी तुलना नव्हती, पॅराबेनमुळे गाठ झाली असंही त्यात म्हटलं नव्हतं. पण नाव बदनाम झालं. बाटल्यांवर 'पॅराबेन-फ्री' छापलं जाऊ लागलं. मग बुरशी थांबवायला पर्याय म्हणून बऱ्याच ठिकाणी मेथिलआयसोथायझोलिनोन आलं, युरोपात २००५ पासून ते एकट्याने वापरायला परवानगी मिळाली. थोड्याच वर्षांत लोकांच्या त्वचेवर ॲलर्जी उठायला लागली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला 'वर्षातलं ॲलर्जन' जाहीर केलं. युरोपने अंगावर तसंच राहणाऱ्या क्रीममधून ते २०१७ पासून हद्दपार केलं, धुऊन टाकायच्या वस्तूत अगदी अल्प प्रमाणात ठेवलं.

म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. एका नावाला घाबरलो आणि दुसरं घरात घेतलं, जे जास्त त्रासदायक निघालं. माझ्या त्या लेखाने काकूंच्या घरी हेच केलं.

मग करायचं काय? नाव कठीण आहे का, हे विचारू नका. तीन गोष्टी विचारा. ते डोक्यावर राहणार की धुऊन जाणार? प्रमाण किती? यादीत एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने असतात, म्हणजे पहिली चार-पाच नावंच खरी बाटली. आणि तिसरं, त्यात पाणी असेल तर ते टिकवतंय कोण? खाज, पुरळ उठलं तर वापर थांबवा आणि बाटली घेऊनच डॉक्टरकडे जा. डायमेथिकोन केसावर साठतं, पण तो शाम्पूचा विषय आहे, विषाचा नाही.

खरी काळजी मला लग्नसराईची वाटते. पार्लरमध्ये 'केराटिन' करताना डोळ्यांतून पाणी येत असेल, नाकाला झोंबत असेल, तर उठा. काही ट्रीटमेंटमध्ये गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलंय. खुर्चीवर बसणारी तासाभराने घरी जाते. ते लावणारी आपल्याच गावातली पोरगी मात्र दिवसभर त्याच धुरात उभी असते. तिच्यासाठी पार्लरला खिडकी आहे का, हेही एकदा बघा.

काकूंना मी बाटलीचे पैसे परत केले. त्यांनी आधी घेतले नाहीत, मग घेतले. येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात खुलासा छापतोय. आणि इथून पुढे 'केमिकल-फ्री' हा शब्द माझ्या हातून छापला जाणार नाही. पाणीसुद्धा केमिकलच आहे हो.