स्विचिंग वीजपुरवठा : नियंत्रण पद्धतीची निवड
स्विचिंग वीजपुरवठ्यात (एसएमपीएस) बाहेरचा व्होल्टेज स्थिर राखण्यासाठी स्विच दर आवर्तनात किती वेळ चालू ठेवायचा, हे नियंत्रण पद्धती ठरवते. व्होल्टेज-नियंत्रणात केवळ बाहेरचा व्होल्टेज मोजतात; पण इंडक्टर-कपॅसिटर जोडीमुळे स्थिरता साधणे जिकिरीचे होते. प्रवाह-नियंत्रणात इंडक्टरमधला प्रवाहही मोजतात. तो ठरलेल्या शिखराला पोचताच स्विच बंद होतो, त्यामुळे जादा प्रवाहापासून दर आवर्तनाला संरक्षण मिळते. हा मोठाच लाभ. युनिट्रोड कंपनीच्या यूसी३८४२ या नियंत्रक चिपमुळे ही पद्धत रुळली. मात्र प्रवाह अखंड असताना स्विच ५० टक्क्यांहून अधिक वेळ चालू राहिला, तर प्रवाह एका आवर्तनात जास्त, पुढच्यात कमी असा हेलकावतो. तेव्हा मोजलेल्या प्रवाहात चढत्या रॅम्पची भर घालावीच लागते. हलक्या भारावर प्रवाहाचा संकेत क्षीण असतो आणि गोंगाट त्यावर मात करतो. भार बराच काळ हलका राहणार असेल, तर व्होल्टेज-नियंत्रण अधिक भरवशाचे.