क्ष-किरणांच्या सोबतीने शस्त्रक्रिया शिकताना

अस्थिरोगाचा निवासी डॉक्टर पहिल्याच वर्षी सी-आर्मच्या, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना क्ष-किरण प्रतिमा पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या, संगतीला लागतो. मांडीच्या हाडात खिळा घालायचा, त्याचे खालचे स्क्रू बसवायचे, तर पडद्यावरच्या प्रतिमेवाचून हात पुढे सरकत नाही. खिळ्याचे छिद्र पडद्यावर नेमके गोल दिसेपर्यंत नवखा डॉक्टर पुन्हा पुन्हा ‘शूट’ म्हणतो. या शिकण्याची किंमत कोणाच्या अंगावर पडते आणि ती कमी कशी करावी, हा शस्त्रक्रियेतील किरणसुरक्षेच्या अभ्यासाचा विषय आहे.

राँटगेन यांना क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली नळ्या तपासताना स्वतःचे हात किरणांत धरत; आधी हात कापावे लागले, आणि १९०४ मध्ये कर्करोगाने ते गेले. आजच्या थिएटरातली मात्रा त्या मानाने फारच थोडी. पण ती वर्षानुवर्षे साचते, आणि डोळ्याचे भिंग तिला विशेष हळवे असते. रक्तवाहिनी दुखावली तर रक्त लगेच चूक दाखवते. किरण असे काहीच दाखवत नाहीत. म्हणून इथे इंद्रियांची उणीव ज्ञानाने भरून काढावी लागते.

त्यातले भौतिकशास्त्र थोडक्यात सांगता येते. शल्यविशारदाच्या अंगावर येणारे बहुतेक किरण रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेले असतात. उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की मात्रा सुमारे चौथाईवर येते. नळी टेबलाखाली ठेवावी, प्रतिमा टिपणारी बाजू रुग्णाच्या जवळ आणावी, आडवी प्रतिमा घेताना त्याच बाजूला उभे राहावे. थेट झोतात गेलेल्या हाताला मात्र छातीवरचा लेड अ‍ॅप्रन वाचवू शकत नाही.

१९८३ मध्ये स्थापन झालेल्या, मुंबईत मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणांशी काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट ही मर्यादा घातली आहे. अंगावर पडलेली मात्रा मोजणारा टीएलडी बॅज अ‍ॅप्रनच्या आत छातीशी लावायचा असतो. कपाटात राहिलेला बॅज कमी आकडा देतो, त्यात समाधान मानण्याजोगे काही नाही. आणि लावलेला बॅजही बोटांवर किती मात्रा पडली ते सांगत नाही.

हे सारे परीक्षेत अचूक लिहिणारा विद्यार्थी थिएटरात थायरॉईड कॉलरशिवाय उभा का राहतो? कॉलर अपुरे असतात का? ‘सर, हात बाजूला घ्या, मग शूट करू’ असे कनिष्ठाला म्हणता येते का? किरणांविषयीच्या जागरूकतेचा अभ्यास केवळ प्रश्नावलीवर थांबला, तर हे प्रश्न निसटतात. उलट टोकाची भीतीही उपयोगाची नाही: प्रतिमा टाळण्याच्या नादात स्क्रू चुकला, तर दुसरी शस्त्रक्रिया आली आणि तिच्यासोबत आणखी किरणही.

या क्षेत्रात येणाऱ्या नव्या अभ्यासकाचे मनापासून स्वागत. त्याने सुरुवात साध्या नोंदीने करावी. प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर सी-आर्मवरचा एकूण किरणवेळ टिपावा आणि त्याच जातीच्या अस्थिभंगाला वेगवेगळ्या वरिष्ठांना किती वेळ लागला, ते ताडून पाहावे. अस्थिभंगाची अवघडता वजा जाता जो फरक उरेल, त्यात बरेचसे कसब असते. ते टाके घालण्याइतकेच शिकण्याजोगे आहे, आणि त्याच तासाला शिकवायला हवे.