वर की खाली?

दिवाळी उलटली की माझा फोन म्हणजे चौकशीची खिडकी होते. आधी पुण्याची भाची, मग तिची ऑफिसातली मैत्रीण, मग त्या मैत्रिणीचे सासूसासरे. प्रश्न ठरलेला : "मावशी, रत्नागिरीत दोन दिवसांत काय काय बघून होईल?" मी शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे सरळ उत्तर द्यायची सवय नाही. मी विचारते, "येणार कुठल्या दाराने?"

थट्टा नाही ही. आमच्याकडे रिक्षात बसलात की रिक्षावाला आधी विचारतो, "वर की खाली?" वर म्हणजे सडा, जांभ्या दगडाचं पठार. माळनाका, मारुती मंदिर, साळवी स्टॉप, पार कुवारबावपर्यंत. खाली म्हणजे समुद्रालगतचं जुनं गाव : मांडवी, घुडेवठार, राम आळी, टिळक आळी, बाजारपेठ. आजचा पाहुणा येतो तो वरून. महामार्ग सोडून हातखंब्याला वळला तरी वरून, रेल्वेने उतरला तरी वरूनच. मग 'समुद्र कुठे आहे' असं विचारत तो उतार उतरत जातो. पण हे गाव रचलं गेलं ते समुद्राकडे तोंड करून. माणसं बंदरावर उतरायची आणि चढ चढून घरी जायची. कोकणातल्या घराच्या भाषेत सांगायचं, तर पूर्वीचं मागीलदार आता पुढीलदार झालंय. आणि पाहुण्यांना वाटतं, घराला ओटीच नाही.

इंग्रजांनी दक्षिण कोकण ताब्यात घेतलं तेव्हा जिल्ह्याचं ठाणं बाणकोटला होतं. १८२२ साली ते रत्नागिरीला आलं. कारण साधं, किनाऱ्याच्या लांबीत हे गाव जास्त मध्यावर. साहेबाने मध्य मोजला तो किनाऱ्यावरून, हे लक्षात घ्या. जमिनीवरून मोजायला मार्ग होता कुठे? पूर्वेला सह्याद्री, आणि किनाऱ्याने जायचं तर दर दहा-बारा मैलांवर एक खाडी आणि तिथल्या तरीची वाट बघणं. आंबा घाटातून घाटावरचा माल बैलगाड्यांनी उतरे. शहरात 'गाडीतळ' नावाची जागा आहे, तिथे आज गाडी लावायला जागा मिळत नाही, पण नाव बैलांच्या काळातलं आहे. बाकी जे काही यायचं ते पाण्यावरून.

राजासुद्धा पाण्यावरूनच आला. ब्रह्मदेशचा राजा थिबा राज्य गमावून एप्रिल १८८६मध्ये इथे बोटीतून उतरला, राणी सुपयालत आणि लहान मुली बरोबर. आज ज्याला आपण थिबा पॅलेस म्हणतो तो त्याला मिळाला १९१० साली, म्हणजे चोवीस वर्षं तो दुसऱ्यांच्या बंगल्यांतून राहिला. राजवाड्यात राहायला गेल्यावर जेमतेम सहा वर्षांत, डिसेंबर १९१६मध्ये, तो वारला. राणी १९१९ साली मायदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र इथलीच झाली, इथल्याच माणसाशी संसार केला आणि तिची मुलगी इथे अस्सल रत्नागिरी मराठी बोलत म्हातारी झाली. पाहुणे राजवाड्याच्या दर्शनी भागासमोर फोटो काढतात आणि निघतात. मी त्यांना सांगते, मागे खाडीच्या बाजूला जा, काजळी नदी समुद्राला मिळते ते बघा, आणि मोठ्या राज्याचा धनी रोज याच पाण्याकडे बघत बसला असेल असं समजा.

पुढे सावरकर. आधी इथल्या तुरुंगात, मग १९२४ ते १९३७ स्थानबद्ध, जिल्ह्याबाहेर जायची मनाई. भागोजीशेठ कीरांच्या पैशाने उभं राहिलेलं, सगळ्या जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर १९३१चं. प्रवासी पुस्तिकांत राजवाडा एक 'पॉइंट', तुरुंग दुसरा, मंदिर तिसरा. मला तो एकच धडा वाटतो : समुद्राकडून सहज पोचता येणारं आणि जमिनीवरून सहज सुटता न येणारं गाव सरकारला फार सोयीचं असतं.

आता बोट. मी लहान असताना, साठच्या दशकात, गिरगावातली आत्या मे महिन्यात बोटीने यायची. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरं घेत रात्री आमच्याकडे यायची. बाबा कंदील घेऊन मांडवीला जात, मी त्यांच्या धोतराला धरून. रत्नदुर्ग किल्ल्यावरच्या १८६७ सालच्या दीपगृहाचा झोत फिरायचा. आधी भोंगा, मग काळोखात दिव्यांची माळ. बोट धक्क्याला लागत नसे, लांब खोल पाण्यात नांगर टाके. इथून पडाव, म्हणजे छोट्या होड्या, जात. बोटीच्या कुशीशी पडाव वरखाली व्हायचा, आणि तो वर आला की त्याच क्षणी उतरायचं. चुकलात तर पुढच्या लाटेची वाट बघा. खलाशी बायकांना दंडाला धरून आणि पोरांना सरळ उचलून घ्यायचे. वळकट्या, ट्रंका, पत्र्याचे डबे वरून खाली फेकले जायचे. आत्या नऊवारीत, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लिंबू. ते लिंबू दिवसभर हुंगून हुंगून काळपट झालेलं असायचं. मराठीत बोट बंदरालाही लागते आणि माणसालाही लागते. आत्याला हर्णैपर्यंतच लागायची. पाय वाळूत टेकला की पहिलं वाक्य, "अगो, केवढी वाढलीस!" आणि दुसरं, "आता तो चढ."

कारण घर वर होतं. बंदरापासून चिऱ्यांची पाखाडी चढायची, हमालाच्या डोक्यावर ट्रंक, मध्ये दोनदा बसायचं. कोकणात पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. जांभा तोडायला सोपा, पण पावसात त्याला शेवाळ धरतं, आणि नवख्या माणसाची पाठ तिथेच मोडते. जुलैत येणाऱ्यांना मी देवळं-किल्ल्यांआधी चपलांचं सांगते.

पावसाळ्याचे महिने बोटी बंद. दर्याचा भरवसा तेव्हा नसेच, आणि भीती नुसती ऐकीव नव्हती. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या, तेही पावसाळा सरल्यावर. १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेवर माणसं गेली. ती बोट आमच्या वाटेची नव्हे. तरी आमच्या घरी आत्या निघाल्याची तार आली की ती पोचेपर्यंत आजी देवापुढचा दिवा विझू देत नसे.

शेवटी शेवटी 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या बोटी मुंबई-गोवा जायच्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तीही सेवा संपली. तोवर एसटीच्या रातराणीने लोकांना घरच्या दारात उतरण्याची सवय लावली होती. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वेचा सगळा मार्ग खुला झाला आणि शहराने कूस बदलली ती कायमची. स्टेशन सड्यावर, गावापासून लांब. नवी दुकानं, दवाखाने, बंगले सगळे वर सरकले. खाली बाजारपेठेत मासळी, भुसारी सामान आणि जुनी सोनारांची दुकानं राहिली. मांडवीला लोक आता भेळ खायला जातात.

तर पाहुण्यांना माझा सल्ला असा : मुक्काम वर करा, पण पहिल्या सकाळी रिक्षाने थेट मांडवीला उतरा आणि गाव तिथून वर चढत बघा. टिळकांचं जन्मघर, बाजारपेठ, गाडीतळ, पतितपावन ओघाने येतात. दमलात की रिक्षा आहेच. किल्ला संध्याकाळी, रत्नदुर्ग घोड्याच्या नालासारखा तीन बाजूंनी पाण्यात घुसलेला आहे, भगवतीच्या देवळाशी उभं राहिलं की बोटी कुठून येत असतील ते न सांगता कळतं. मे महिन्यात आंब्यासाठी येत असाल तर खोली आधी सांगून ठेवा. पेटीचा भाव मला विचारू नका.

१९९८च्या मे महिन्यात आत्या पहिल्यांदा रेल्वेने आली. सत्तरी कधीच उलटून गेली होती. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात तिने डोळे मिटून स्तोत्र म्हटलं, असं बरोबरच्या नातवाने सांगितलं. स्टेशनबाहेर येऊन ती उभी राहिली. समोर लाल माती, रिक्षांची रांग, ऊन. वारा नाही, खारा वास नाही.

"अगो, ही कुठची रत्नागिरी? समुद्र कुठाय?"

रिक्षावाल्याने विचारलं, "वर की खाली?" घर वर होतं. पण मी खाली म्हटलं. मांडवीला ती धक्क्याच्या कठड्यावर टेकली, पाच मिनिटं काही बोलली नाही, मग चढ आता रिक्षाने जाऊया म्हणाली. घरी पिशवी रिकामी करताना तळाशी लिंबू निघालं, ताजं, पिवळंधमक, न हुंगलेलं. ते संध्याकाळी पोह्यांवर पिळलं.