बुडबुडा, झडप आणि स्टॉपवॉच

मिश्रण सुटं करायला द्रवाऐवजी वायू वाहता ठेवला तरी चालेल, हे रसायनशास्त्रज्ञ मार्टिन आणि सिंज यांनी १९४१ सालीच लिहून ठेवलं होतं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही! अखेर १९५२ मध्ये सहकारी जेम्स यांच्या साथीनं मार्टिन यांनीच लंडनला नायट्रोजनच्या प्रवाहात फॅटी आम्लं वेगळी करून दाखवली.

अशा यंत्रातल्या वायूचा प्रवाह मोजायची जुनी रीत मोठी गमतीची. यंत्रातून निघणारा वायू खुणा केलेल्या काचनळीत सोडायचा, तळाचा रबरी फुगा दाबून साबणाचा बुडबुडा उठवायचा आणि तो दहा मिलिलिटर चढेपर्यंत स्टॉपवॉचवर नजर ठेवायची. मग प्रवाह कमीजास्त करणारी झडप किंचित पिळायची. पुन्हा बुडबुडा.

पुढे मिश्रण सुटं करायला गोले या संशोधकाच्या केसासारख्या बारीक नळ्या आल्या; त्यांना थोडाच नमुना झेपे, म्हणून त्याचा बहुतेक भाग वेगळ्या झडपेवाटे बाहेर सोडणं भाग पडलं. शंभरातला जेमतेम एखादा हिस्सा आत जाई.