काशिनातोची तलवार

बखरी वाचताना मला एक धास्ती असते: लिहिणाऱ्याने थट्टा केली असेल आणि मी ती खरी मानली तर? तसं प्रत्यक्ष घडल्याचं उदाहरण मला एका जुन्या व्हिडिओ गेममध्ये सापडलं.

१९८१ साली अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या अमेरिकन तरुणांनी ‘अ‍ॅपल टू’ संगणकासाठी ‘विझर्ड्री’ हा रोल-प्लेइंग गेम तयार केला. सहा वीरांची तुकडी घेऊन भुयारात उतरायचं आणि वेर्डना या जादूगाराकडून राजा ट्रेबोरचा ताईत परत आणायचा. ही दोन्ही नावं रोमन लिपीत उलटी वाचली, की अँड्र्यू आणि रॉबर्ट हजर!

याच खेळात ‘ब्लेड क्युझिनार्ट’ नावाची जबरदस्त तलवार मिळते. क्युझिनार्ट हा अमेरिकन स्वयंपाकघरातला फूड प्रोसेसर. म्हणजे शत्रूची कोशिंबीर करणारी तलवार! खेळ जपानला गेला, पण हा विनोद पोहोचला नाही. तिथे ती ‘काशिनातोची तलवार’ झाली. मराठी कानाला काशिनाथ आठवावा असा हा काशिनातो थोर शस्त्रकार ठरला.

मीही आधी हसलो. मग लक्षात आलं, की अमेरिकेत ही मालिका २००१ मधल्या आठव्या भागाशी थांबली; जपानमध्ये मात्र नवे खेळ निघत राहिले. गैरसमजाने खेळाचं काही बिघडलं नाही, उलट एक दंतकथा वाढली. अभ्यासकाचं मात्र बिघडू शकतं. म्हणून हल्ली एखाद्या नावाची व्युत्पत्ती लावण्याआधी मी थांबतो, लिहिणारा हसत नव्हता ना, हे पाहतो.